गिरणीच्या बाकावरची पेन्सिल

किस्से कोणी गोळा करत नाही. ते पिठासारखे अंगावर बसतात. गिरणीत तासभर नुसतं बसलं तरी घरी पोहोचेपर्यंत भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, चष्म्याच्या काड्या पांढऱ्या. आता त्यातलं कुठलं पीठ कुणाच्या डब्यातलं, हे कोण सांगणार? माझ्याकडे साठलेल्या किश्श्यांचंही तसंच आहे. कुणाचा कोणता आणि त्यात खरं किती, याची मला आजही खात्री नाही. अर्थात मला गॅस बंद केल्याचीही खात्री नसते, त्यामुळे ते फार मनावर घेऊ नका.

साल पंच्याण्णव असावं. साताऱ्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवून मी निवृत्त झालो होतो. नावामागे डॉक्टर, भिंतीवर पदव्या, आणि घरात काम शून्य. म्हणून बायकोने दळणाचं खातं माझ्याकडे दिलं. आमच्या पेठेत बबनची गिरणी होती. तिथे पेठेचा एक अलिखित नियम होता : डबा ठेवून घरी जायचं नाही! बबन ज्वारीवर गहू दळेल, आपल्या खपलीत कुणाचा तरी रेशनचा गहू मिसळेल, मूठभर पीठ बाजूला काढेल... संशयांना तोटा नव्हता. मग राखणीला पाठवायचं कुणाला? घरातलं जे माणूस सर्वांत रिकामं आणि सर्वांत संशयी, त्याला. म्हणजे म्हाताऱ्याला!

अशा रीतीने बबनच्या बाकावर पेठेतली निवडक संशयी म्हातारी माणसं जमायची.

गिरणी चालू असली की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. बोलायचं ते लाईट गेल्यावर. आणि लाईट रोज जायची. सगळा सातारा वायरमनला शिव्या द्यायचा, आम्ही चौघं मनातल्या मनात त्याला आयुष्य मागायचो.

*

चौघांतले पहिले सुभेदार आण्णा. मूळचे कोरेगावकडचे, उसाची शेती, पण पंचवीस वर्षं फौजेत काढलेली. धाकट्या मुलाकडे साताऱ्यात राहायचे. त्यांनी बबनवर जेवढी नजर ठेवली, तेवढी सरहद्दीवरही ठेवली नसेल.

एकदा आपला गहू ओळखू यावा म्हणून त्यांनी डब्यात खूण टाकली. कुणाला सांगितलं नाही. मिलिटरी सिक्रेट!

बबनने गहू वर ओतला, गिरणी सुरू केली, आणि आतून असा आवाज आला की रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा थांबवून आपलं चाक बघायला उतरला. बबनने मोटर बंद केली, दगड उचलला. आत कोटाचं पितळी बटण. चेपून पापड झालेलं.

"ह्ये कुणाचं?" बबनने विचारलं.

आण्णा ताठ उभे राहिले. "आपलं! खूण म्हणून टाकलं व्हतं. आता खात्री झाली, गहू माझाच व्हता."

बबन एकदा दगडाकडे, एकदा आण्णांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आण्णा, ही गिरणी हाय. बॉर्डर न्हाई!"

दगडाला पुन्हा टाकी लावायला दोन दिवस गेले. पेठेने दोन दिवस भात खाल्ला.

*

आण्णांच्या फौजेतल्या गोष्टी ऐकून ऐकून माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे! ही माणसं गेली की यांच्याबरोबर सगळं जाणार. मी दोनशे पानी वही आणली. पण आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, पुराव्याशिवाय एक वाक्य लिहू नका. म्हणून मी वहीचा नियम केला : ज्या गोष्टीला साक्षीदार आहे ती पेनाने लिहायची. ज्या गोष्टीला नाही ती पेन्सिलीने.

नियम ऐकून आण्णा खवळले. "सर, तुमी कॉलेजात व्हता का चौकीत?"

पण दुसऱ्या दिवसापासून तेच मला विचारायला लागले, "काल खेचराची गोष्ट सांगितली, ती पेनानं लिवली का पेन्सिलीनं?"

गोष्ट अशी : बर्फातली चौकी, वादळ, दोन हातांवरचं दिसत नाही. आण्णांनी रेशन लादलेल्या खेचराची शेपटी धरली, डोळे मिटले आणि खेचराने त्यांना चौकीपर्यंत सुखरूप नेलं. चौदा माणसांना त्या रात्री जेवण मिळालं.

"पेन्सिलीने," मी म्हणालो. "साक्षीदार कोण?"

 आठवड्याने कोरेगावच्या एसटीने आण्णांनी एक माणूसच आणून बाकावर बसवला. धोतर, फेटा, जाड भिंगाचा चष्मा. फौजेतला जोडीदार, मुगुटराव.

"सांग गड्या, खेचराचं खरं का खोटं?"

"शंभर टक्के खरं," मुगुटराव म्हणाले. "वादळ खरं, खेचर खरं, चौदा माणसं खरी. फकस्त शेपटी मी धरली व्हती. ह्यो तंबूत झोपला व्हता. ह्येला मीच उठवून जेवायला घातलं!"

 मी आण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा बटणासारखा आवाज होणार.

आण्णा म्हणाले, "बघितलंसा? साक्ष मिळाली! लिवा पेनानं."

*

एका सकाळी आण्णांचा धाकटा मुलगा सुहास स्कूटरवरून आला. हेल्मेट न काढताच माझ्यापुढे उभा राहिला.

"सर, तुम्ही आण्णांकडून काय लिहून घेताय?"

"गोष्टी."

"कसल्या गोष्टी? आण्णा घरी म्हणाले, सरांनी पेनाने लिहिलं, आता पक्कं झालं. काय पक्कं झालं? आण्णांनी सही कुठे केलीय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. याला मृत्युपत्राचा संशय आला होता!  क्षणभर मलाच वाटलं, चुकून मी खरंच काही भलतंसलतं लिहून घेतलं नाही ना? मी वही त्याच्या हातात दिली आणि आण्णांकडे बघायचं टाळलं.

सुहास पानं उलटायला लागला. आधी भराभर. शेतीचा गट नंबर शोधत असावा. मग हळू. मग त्याने हेल्मेट काढलं. मग तो बाकावर बसला. खेचराचं पान त्याने दोनदा वाचलं.

"आण्णा," तो म्हणाला, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

आण्णा डब्याचं झाकण पुसत म्हणाले, "तू कवा दळण आणलंस?"

*

चौघांतला दुसरा मी. तिसरे कांबळे गुरुजी. आटपाडीकडच्या एका खेड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं नोकरी. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी गुरुजी नोकरीला लागले. कमी बोलायचे. आण्णांनी एखादी मोहीम फत्ते केली की गुरुजी फक्त "बरं" म्हणायचे. त्या एका "बरं"मध्ये माझ्या सगळ्या पेन्सिली मावतील एवढा संशय असायचा.

मी बरेच दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी एकदा लाईट दोन तास आली नाही, तेव्हा ते बोलले.

"पहिली नेमणूक वाईच्या बाजूला मिळाली. एकशिक्षकी शाळा. पाण्याचं गावाने आधीच सांगितलं, मास्तर, तुमचं मडकं वेगळं. मी म्हटलं, बरं. कोपऱ्यात माझं मडकं, ओट्यावर पोरांचं पिंप. पिंप भरायची पाळी पोरांची, आणि पोरं कंटाळा करायची. उन्हाळ्यात पिंप दहालाच कोरडं. माझं मडकं मी सकाळी गळ्यापर्यंत भरायचो. एक दिवस दुपारी बघतो, चार बोटं पाणी कमी. दुसऱ्या दिवशी वीतभर. पुढच्या आठवड्यात तळ दिसायला लागला. मी कुणाला काही विचारलं नाही. फक्त रोज पाणी पिऊन झालं की फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. चांगली दहा मिनिटं. अक्षर गिरवत."

"मग?"

"मग काय? मागं पेल्याचा आवाज व्हायचा. माझं अक्षर सुधारलं."

आण्णा मोठ्याने हसले, मग त्यांनी हसू अर्ध्यावरच आवरलं.

मी मात्र सवयीने विचारलं, "गुरुजी, साक्षीदार कोण?"

"आहेत की. चाळीस आहेत," गुरुजी म्हणाले. "आता शेतीवाडी, बायकापोरं, कुणी सरपंच झालाय. नावं-पत्ते देतो. जा, विचारा एकेकाला. एकही कबूल होणार नाही!"

ती गोष्ट पेनाने लिहावी की पेन्सिलीने, यात माझी एक अख्खी रात्र गेली. सकाळी बायको म्हणाली, "अहो, त्या माणसाने तुम्हाला चाळीस साक्षीदार दिले आणि तुम्ही अजून साक्षीदारच शोधताय?"

*

दुसऱ्यांना एवढं छळलं, तेव्हा माझी पाळी येणारच होती.

"सर, तुमी एक बी सांगत न्हाईसा," आण्णा म्हणाले. "का तुमच्या आयुष्यात कायच झालं न्हाई?"

मला हा संशय फार जुना आहे. तरी धीर करून मी माझी एकच गोष्ट सांगितली. आमचं मूळ घर वाईला, घाटाच्या वर. मी लहान असताना कृष्णेला पूर आला. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं, माझे पाय पाण्यात भिजले, समोरून कुणाचा तरी पाळणा वाहत गेला, त्यात मांजर बसलेलं. पाण्याला ओल्या गुळाचा वास येत होता. इतकं स्पष्ट आठवतं!

"साक्षीदार कोण?" तिघांनी एकदम विचारलं.

माझी थोरली बहीण सांगलीला. मी तिला पत्र टाकलं. तिचं उत्तर मी बाकावर सगळ्यांसमोर फोडलं, कारण न्याय सगळ्यांना सारखा.

"पूर आला होता," बहिणीने लिहिलं होतं. "पाळणा होता, मांजर होतं, गुळाच्या गोदामात पाणी शिरलं होतं. पण वडिलांच्या खांद्यावर मी होते. तुझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. आई ही गोष्ट तुला रोज जेवताना सांगायची, त्याशिवाय तू घास घ्यायचा नाहीस."

आण्णा इतके हसले की बबनला वाटलं, लाईट आली.

मी माझी वही उघडली आणि माझ्याच गोष्टीवर पेन्सिलीने काट मारायला लागलो. एवढी पुस्तकं वाचली, दुसऱ्यांच्या पुराव्यांत चुका काढल्या, आणि स्वतःचे पाय कुठे भिजले हे माहीत नाही!

तेव्हा चौथ्या मेंबरने माझा हात धरला. "खोडू नका, सर. तुमी बी भिजलासा. आयकून भिजलासा."

*

ही चौथी मेंबर म्हणजे हौसाक्का.

हौसाक्का आटपाडी भागातली. नवरा गेल्यावर मुलाबरोबर साताऱ्यात आलेली. मुलगा दत्ता, सगळ्यांत धाकटा, नुकताच एका सरकारी कचेरीत क्लार्क लागला होता. स्वतःचं वय ती सत्तर सांगायची. मी हिशेब करून बासष्ट काढलं होतं आणि तिला बोलून दाखवायची चूकही केली होती. ती म्हणाली, "वय काय तुमी मोजणार? मी काढलंय ते!"

तिने बाकावर आजवर सगळ्यांचं ऐकलं होतं. स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. पुराच्या पत्रानंतर दोन दिवसांनी लाईट गेली आणि ती म्हणाली, "सर, माजी एक गोष्ट लिवा. पर पेनानं लिवायची."

बहात्तरचा दुष्काळ. पिण्याला पाणी नाही, रानात कुसळ नाही. आटपाडीपासून थोड्या अंतरावर सरकारी रस्त्याचं काम निघालेलं. बाया-बाप्ये खडी फोडायला. त्या रस्त्यावर एका ओढ्यावर छोटा पूल बांधत होते. हौसाक्का दिवस भरलेले असताना कामावर जायची. घरी बसली तर खाणार काय?

"तवा कामावर एकच भ्या व्हतं बगा. समदी म्हणायची, पूल बळी मागतोय. लेकराचा. लेकराला झोळीत टाकून काम करायचं, आन ध्यान समदं पुलाकडं. कुणी अनोळखी आला की बाया झोळीकडं पळायच्या."

एक दिवस दुपारी तिथेच, पुलाखालच्या सावलीत, ती बाळंत झाली. मुलगा. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. पुलावर एक म्हातारा गवंडी होता. त्याने वर कठड्याला नुकताच सिमेंटचा गिलावा केलेला.

"त्यो म्हनला, पोरी, आण लेकरू हिकडं. पुलाला बळी न्हाई द्यायचा, पाऊल द्यायचं. एकदा लेकराचं पाऊल उठलं की पुलाला वाटतं, लेकरू आपलंच झालं. मग त्यो त्याला खात न्हाई, राखतो. आन त्येनं दत्ताचं पाऊल वल्ल्या सिमिटात दाबलं. लगीच धुतलं बरं का, पाण्यानं. त्या टायमाला पाणी म्हंजे सोनं, पर गवंड्यानं सिमिटाचं पाणी दिलं."

 आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मी मात्र अस्वस्थ झालो. कारण ही गोष्ट मी आधी ऐकली होती. एकदा नव्हे, दोनदा! एकदा आमच्या कॉलेजातल्या शिपायाच्या आईकडून, एकदा मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईकडून. तोच पूल, तोच गवंडी, तेच पाऊल. फक्त लेकरू वेगळं. आमच्या शास्त्रात याला एकच अर्थ : गोष्ट फिरती आहे. एकीने ऐकली, दुसरीने स्वतःला लावली. मी नाही का पूर स्वतःला लावला?

 वही उघडली, लिहायला लागलो.

हौसाक्काला वाचता येत नव्हतं. पण ती माझ्या हाताकडे बघत होती.

"पेन्सिल काढलीसा," ती म्हणाली.

*

तिला पेन का हवं होतं, ते मला गुरुजींनी सांगितलं.

दत्तासाठी मुली बघत होते. पाहुणे यायचे. दत्ताने आईला बजावलं होतं, "पाहुण्यांसमोर ते पुलाचं काढायचं नाही. मी सांगलीच्या दवाखान्यात झालोय. माझ्या दाखल्यावर तसं आहे." आणि नुसतं पाहुण्यांसमोर नाही, आईशी एकटीशी बोलतानाही तो म्हणायला लागला होता, "आई, तुझ्या मनाचं आहे ते. थापा मारू नको."

"तिला वाटतं, तुम्ही डॉक्टर आहात, कागदाचे," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पेनाने लिहिलं तर घरात तिचं खरं धरतील."

"पण गुरुजी, दाखल्यावर सांगली आहे. तो लेखी पुरावा आहे."

गुरुजी "बरं" म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "सर, तो दाखला आमच्यासारख्याच कुणा मास्तरने लिहिलेला. मी स्वतः शे-दीडशे पोरांना एक जूनला जन्माला घातलंय. जन्मगावाच्या रकान्यात काय लिहिणार, 'पुलाखाली'?"

मी त्या दिवशी घरी गेलो, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि बायकोला सांगितलं, "मला आटपाडीला जायचंय."

*

गुरुजींना बरोबर घेतलं, कारण मुलूख त्यांचा. पहाटेची एसटी, विट्याला गाडी बदलली, आटपाडीला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. पुढे एका टेम्पोने सोडलं. उघडा माळ, बाभळी, कोरडा ओढा आणि त्यावर गाडीभर रुंदीचा एक पूल. कठडा कमरेएवढा.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही बघा. मी सावलीत बसतो."

मी रुमालाने कठड्यावरची धूळ आणि शेळ्यांच्या लेंड्या झाडल्या. मनात म्हणत होतो, काही नसू दे. मग म्हणत होतो, असू दे. नक्की कोणतं म्हणत होतो, ते आज सांगता येणार नाही.

पाऊल होतं. माझ्या बोटाएवढं.

त्याच्या शेजारी आणखी एक होतं.

मी पुढे झाडत गेलो. एकूण नऊ! काही तान्ही, काही रांगत्या लेकरांची, एक चांगलं दोन वर्षांच्या पोराचं, टाचेशी वाळ्याचा ठसा उमटलेला. सगळी एका ओळीत, जशी शाळेत उभी केलीत.

मी खिशातून फूटपट्टी काढली. एकेक पाऊल मोजून पेन्सिलीने लिहून घेतलं. चौथ्याला करंगळीचा ठसा नाही, हेही लिहिलं. मग पुन्हा मोजली. नऊच.

गुरुजी उठून आले. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"झालं, सर? गेला संशय?"

"गुरुजी, हौसाक्का एक म्हणाली होती. इथे नऊ आहेत. निवेदन आणि पुरावा यांत तफावत आहे."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी "बरं"सुद्धा म्हटलं नाही. परतीच्या सहा तासांत एसटीत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

*

दुसरा दिवस रविवार होता. बाकावर आम्ही चौघं, आणि आईचा डबा न्यायला आलेला दत्ता. सुटीचा दिवस, म्हणून पायात स्लिपर. दारात बाजरी, गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ असे अकरा डबे रांगेत. लाईट गेली. बबनने कपाळ पुसलं. "आज समदे मला शिव्या देणार," तो म्हणाला. रांगेत डबे असताना बबनला एकेक मिनिट जड जायचं.

हौसाक्काने मला काहीच विचारलं नाही. ती नुसती बघत होती.

मी ठरवून ठेवलं होतं की दत्तासमोर बोलायचं नाही. पण आण्णांना धीर कुठला! "बोला की सर. घावलं का पाऊल?"

"सापडलं," मी म्हणालो.

दत्ताने मान वर केली.

"पण एक नाही," मी म्हणालो. "नऊ सापडली."

माझा आवाज मलाच निकाल वाचल्यासारखा वाटला. दत्ता आधी गोंधळला, मग हसला. सुटल्यासारखा हसला.

"बघ आई! नऊ! प्रत्येक बाई तेच सांगत असणार. मग त्यातलं माझं कशावरून?"

हौसाक्का त्याच्याकडे वळली नाही. तिने मला विचारलं, "सर, चौथं बघितलंसा?"

"बघितलं."

"त्येला करंगळी उठलीया का?"

ही गोष्ट मी वहीत लिहिली होती. वही माझ्या पिशवीत होती. गुरुजींनाही मी ती वाचून दाखवली नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"कशी उठंल? करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. गवंड्यानं दोनदा दाबून बघितलं. म्हनला, ऱ्हाऊ दे, पुलाला वळख पटंल."

सगळ्यांनी खाली बघितलं. आण्णांनी, गुरुजींनी, मी. बबनसुद्धा दगडाआडून वाकला. दत्ताने उजवा पाय मागे घेतला आणि डब्याच्या आड केला.



तेवढ्यात लाईट आली. दिवा पेटला, मोटर गुरगुरली, पट्टा फिरायला लागला. हौसाक्का काहीतरी बोलत होती, तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मी कान पुढे केला. काही ऐकू येईना.

बबनने अकरा डब्यांकडे बघितलं. मग हात वर केला आणि खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला.

"बोल, आक्का," बबन म्हणाला.

"काय न्हाई रं. सरांस्नी म्हनत व्हते, एक पाऊल सांगितलं, कारण माजं एकच व्हतं. दुसरीचं मी कशाला सांगू? आता तुमी समदी बघूनच आलाईसा, तर बाकीच्या आठ जणींची नावं बी घ्या. कोण कंच्या गावची, कुणाचं लेकरू कंचं. हायती त्या, दोघी-तिघी. बाकीच्या गेल्या."

मी पिशवीतून वही काढली. खिशाला हात लावला.

"ती नगं," हौसाक्का म्हणाली. "दुसरं."

मी पेनाचं टोपण उघडलं.

"लिवा. पयली, शेवंता."